निवाडा आधी, फासे मागाहून

'क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर' हा डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, कॅरेक्टर घेऊन आणि फासे टाकून खेळायच्या खेळातला पहिल्या लेव्हलचा, दिसायला अगदी निरुपद्रवी स्पेल म्हणजे जादूचा मंत्र आहे. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ सालच्या पुस्तकाप्रमाणे तो टाकला की आवाक्यातल्या एखाद्या उघड्या भांड्यात दहा गॅलनपर्यंत स्वच्छ पाणी तयार होते, किंवा ठरावीक जागेत पाऊस पडून उघड्या ज्वाळा विझतात. तहानलेल्यांची सोय व्हावी, फार तर आग आटोक्यात यावी, एवढेच त्याचे काम. तरीही या स्पेलवरून असंख्य टेबलांवर तोच वाद पुन्हा पुन्हा झडत आला आहे. समोरच्या राक्षसाने तोंड उघडले आहे, मग त्याची फुप्फुसे हे 'उघडे भांडे' धरायचे की नाही? धरले, तर सर्वांत खालच्या लेव्हलचा एक स्लॉट (स्पेल टाकण्याची मोजकी संधी) खर्चून श्वास घेणारा कोणताही शत्रू जागच्या जागी बुडवून मारता येतो. न धरले, तर खेळाडू विचारतो की तशी मनाई पुस्तकात कुठे लिहिली आहे, आणि ती खरोखरच कुठे लिहिलेली नसते.

असे वाद म्हणजे शब्दांचा कीस, आणि ते घालणारे म्हणजे 'रूल्स लॉयर', नियमांवर वकिली करणारे, असे म्हणून विषय झटकून टाकण्याची रीत आहे. मला ती मान्य नाही. या खेळात खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरच्या म्हणजे डीएमच्या हाती सगळे जग असते; डोंगर, नगरे, राजे, राक्षस, हवामान, सगळे त्याच्या शब्दावर चालते. खेळाडूच्या हाती असते ते त्याचे एकच कॅरेक्टर आणि त्या कॅरेक्टरला काय काय करता येते हे सांगणारा छापील मजकूर. स्पेलचा अर्थ लावणे म्हणजे त्या मजकुराची मालकी कोणाची हे ठरवणे होय. हा सत्तेचा प्रश्न आहे, आणि सत्तेच्या प्रश्नावर माणसे भांडतात यात पोरकट काही नाही. माझे म्हणणे असे की या वादात आपण बहुतेक वेळा चुकीच्या जागी जोर लावतो. स्पेलचा खरा अर्थ कोणता, यावर तासन्‌तास घालवतो. पण तो अर्थ कोणत्या क्षणी सांगितला गेला, हे कोणी विचारत नाही. निवाडा न्याय्य आहे की नाही हे त्या क्षणावरच अधिक अवलंबून असते. स्लॉट खर्च होण्याआधी खेळाडूला जो अर्थ कळला, तोच त्याच्यावर बंधनकारक असावा.

वाद स्पेलवरूनच का होतात, हेही पाहायला हवे. तलवारीचा नियम आखूड असतो: वीस बाजूंचा फासा टाका, लागली तर इजा मोजा. स्पेल मात्र प्रत्येकी एक छोटासा स्वतंत्र कायदा असतो. २०१४ च्या 'प्लेअर्स हँडबुक'मध्ये साडेतीनशेहून अधिक स्पेल आहेत आणि विशेष नियम सामान्य नियमाला मागे सारतो, हे तत्त्व त्याच पुस्तकाच्या आरंभी सांगितले आहे. म्हणजे मूळ नियमांना साडेतीनशे अपवाद, तेही बहुतांशी रोजच्या भाषेत लिहिलेले. त्यातले एखादे वाक्य एकाच वेळी वर्णनही असते आणि यंत्रणाही असते. 'ज्वाळांचा लोळ उसळतो' यातला किती भाग डोळ्यांसमोर चित्र उभे करण्यासाठी आहे आणि किती भाग हिशेबात धरायचा आहे, हे वाक्य स्वतः सांगत नाही.

'फायरबॉल'चा इतिहास या दृष्टीने फार बोलका आहे. १९७८ च्या 'ॲडव्हान्स्ड' आवृत्तीत या आगीच्या गोळ्याचे घनफळ सुमारे ३३,००० घनफूट धरले होते आणि बंदिस्त जागेत स्फोट झाला तर आग त्या जागेच्या आकाराप्रमाणे पसरत असे. दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच बोळात हे घनफळ बसवायचे, तर तीनशे तीस फूट बोळ आगीने भरतो. तळघरात फायरबॉल टाकणाऱ्या विझार्डने स्वतःच्याच सोबत्यांना भाजून काढणे ही त्या काळची नित्याची गोष्ट होती, आणि ती ओढवू नये म्हणून खेळाडू नकाशावर भूमिती मांडून बसत. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने हे सगळे कापून टाकले. प्रत्येक स्पेल एकाच साच्यात आला: पल्ला, क्षेत्र, लक्ष्य, इजा. पटावर तिरक्या चालीचे घरही एकच मोजायचे असल्यामुळे स्फोटाचे क्षेत्र सात गुणिले सात घरांचा चौरस झाले, म्हणजे आगीचा गोळा चौकोनी झाला. लक्ष्य म्हणून 'क्षेत्रातला प्रत्येक जीव' एवढेच लिहिले. वाद पुष्कळ कमी झाले यात शंका नाही. पण लाकडी दाराला आग लागेल का, दोरखंड जळेल का, या साध्या प्रश्नावर स्पेलचा मजकूर गप्प राहिला. मला चौथ्या आवृत्तीबद्दल आदर आहे. खेळाडूला आपल्या हाती काय आहे हे आधी कळावे, हा तिचा आग्रह योग्यच होता. मात्र नियम जितका घट्ट आवळावा तितका तो जगापासून सुटत जातो, हेही तिने दाखवून दिले. पाचव्या आवृत्तीने पुन्हा रोजची भाषा स्वीकारली. तिचा फायरबॉल वीस फूट त्रिज्येचा आहे, कोपऱ्यांना वळसा घालतो आणि कोणी अंगावर न घातलेल्या वा हाती न धरलेल्या ज्वलनशील वस्तूंना पेटवतो. भाषेबरोबर वादही परतले.

या वादांत एक पक्ष अक्षराचा असतो. त्याचे म्हणणे, स्पेल जे लिहिले आहे तेवढेच करतो. अधिकही नाही, उणेही नाही. हा पक्ष वाटतो तितका कोता नाही. 'सी इन्व्हिजिबिलिटी'चे उदाहरण घ्या. या स्पेलने अदृश्य जीव दृश्य असल्यासारखे दिसतात. २०१४ च्या पुस्तकात 'अदृश्य' या अवस्थेखाली दोन स्वतंत्र मुद्दे होते. पहिला, जादूच्या वा विशेष इंद्रियाच्या मदतीशिवाय असा जीव दिसत नाही. दुसरा, त्याच्यावरच्या हल्ल्यांना दोन फाशांतला लहान आकडा धरण्याचा डिसअ‍ॅडव्हान्टेज आणि त्याने केलेल्या हल्ल्यांना मोठा आकडा धरण्याचा अ‍ॅडव्हान्टेज मिळतो. दुसऱ्या मुद्द्यात 'न दिसणाऱ्याला' अशी अट नव्हती. मग ज्याला तो शत्रू स्वच्छ दिसतो आहे, त्यालाही हल्ला करताना डिसअ‍ॅडव्हान्टेज का? अक्षरवादी म्हणत, हो, कारण तसे लिहिले आहे. आणि ते तिथेच थांबत नसत. 'फेअरी फायर' या दुसऱ्या स्पेलमध्ये 'लक्ष्याला अदृश्यतेचा लाभ मिळत नाही' असे स्पष्ट लिहिले होते, त्याकडे ते बोट दाखवत. जिथे लाभ काढून घ्यायचा होता तिथे लेखकांनी तसे लिहिले. इथे लिहिले नाही, म्हणजे काढून घ्यायचा नव्हता. ही युक्तिवादाची चांगली, कसोटीला उतरणारी पद्धत आहे. नियमांचे तेव्हाचे प्रमुख रचनाकार जेरेमी क्रॉफर्ड यांनीही जाहीरपणे शब्दशः अर्थाचीच बाजू घेतली होती.

तरीसुद्धा अनेक टेबलांनी हा अर्थ नाकारला, आणि त्यांचे बरोबर होते असे मला वाटते. 'अदृश्य गोष्टी दिसतात' असे वाचून जो खेळाडू आपल्या मोजक्या स्पेलपैकी एक जागा यासाठी देतो, त्याची समजूत उघड आहे: दिसत नव्हता म्हणून वार चुकत होता, आता दिसतो आहे, तेव्हा नीट मारता येईल. त्या समजुतीवर त्याने खर्च केलेला असतो. दोन वेगवेगळ्या पानांवरच्या मजकुराचे धागे जुळवल्यावरच जो अर्थ निघतो, तो निवड करताना त्याच्यासमोर नव्हता. २०२४ च्या सुधारित पुस्तकात अखेर वाक्य जोडले गेले: एखाद्याला तुम्ही कसेही करून दिसत असाल, तर त्याच्यापुरता तुम्हाला हा लाभ मिळत नाही. म्हणजे टेबलांनी दहा वर्षे जे गृहीत धरले, ते शेवटी छापले गेले.

दुसरा पक्ष हेतूचा. लेखकाला काय म्हणायचे होते ते शोधा, त्यालाच विचारा, आणि वाद मिटवा. हा मार्गही जुना आहे. 'ड्रॅगन' मासिकात 'सेज ॲडव्हाइस' हे प्रश्नोत्तरांचे सदर १९७९ मध्येच सुरू झाले. पुढे त्याच नावाने पाचव्या आवृत्तीच्या अधिकृत उत्तरांचा संग्रह निघाला, आणि रचनाकारांची इतरत्र केलेली विधाने हा सल्ला आहे, अधिकृत निवाडा नव्हे, असे त्या संग्रहातच नोंदवले गेले. ही नोंद मला अतिशय महत्त्वाची वाटते. लेखकाचा हेतू पुस्तकात उतरला नसेल, तर ते पुस्तक विकत घेऊन, वाचून, त्यावर आपले कॅरेक्टर उभे करणाऱ्याला तो हेतू कसा कळावा? शिवाय अधिकृत उत्तरेही कायम टिकत नाहीत. लाइफ क्लेरिक या बरे करणाऱ्या पुरोहिताच्या 'डिसायपल ऑफ लाइफ' या गुणामुळे 'गुडबेरी' या स्पेलने तयार झालेले प्रत्येक फळ एकाऐवजी चार हिट पॉइंट (जीवनशक्तीचे गुण) देते, असे २०१४ च्या नियमांवर अधिकृत उत्तर होते. २०२४ च्या मजकुरात हा जादा लाभ स्पेल टाकला त्याच टर्नपुरता बांधला गेला आणि नंतर खायला ठेवलेल्या फळांतून तो नाहीसा झाला. दोन्ही वेळा अधिकारवाणी एकाच घराची होती. लेखकाकडून मार्गदर्शन जरूर घ्यावे. पण टेबलावर घेतलेल्या निर्णयाची जबाबदारी त्याच्या नावावर ढकलता येत नाही.

तिसरा पक्ष म्हणतो, हे सगळे सोडा, डीएम सांगेल ते खरे. पुस्तकेही शेवटचा शब्द त्यालाच देतात, आणि तो द्यायलाच हवा, कारण कोणीतरी निर्णय घेतल्याशिवाय खेळ पुढे सरकत नाही. पण शेवटचा शब्द कोणाचा हे ठरले, म्हणून तो शब्द केव्हाही उच्चारला तरी चालतो असे होत नाही. एक प्रसंग कल्पून पाहू. तिसऱ्या लेव्हलचा विझार्ड किल्ल्याच्या दाराशी आला आहे. दुसऱ्या लेव्हलचे स्लॉट त्याच्याकडे दोनच, त्यातला एक सकाळच्या चकमकीत गेला. उरलेला तो 'सजेशन' या, समोरच्याला सूचना पाळायला लावणाऱ्या स्पेलसाठी वापरतो आणि पहारेकऱ्याला सांगतो, "तुझी पाळी संपली. बदलीचा माणूस येतोच आहे. तू खाली जाऊन झोप." डीएम पहारेकऱ्याचा सेव्हिंग थ्रो, म्हणजे जादू झुगारण्याचा फासा, टाकतो. फासा कमी पडतो. टेबलावर आनंद होतो. मग डीएम क्षणभर थांबून म्हणतो, "हा शिस्तीचा माणूस आहे. बदलीचा माणूस डोळ्यांनी दिसल्याशिवाय तो जागा सोडणार नाही. त्याला हे वाजवी वाटत नाही." २०१४ च्या मजकुरात सूचना वाजवी वाटेल अशा शब्दांत मांडलेली हवी अशी अट आहेच, त्यामुळे डीएम नियम मोडत नाही. त्याचा अर्थही असंभाव्य नाही. तरी त्या टेबलावर अन्याय झाला आहे. वाजवी की अवाजवी हा प्रश्न फासा टाकण्याआधीचा होता. आधी विचारले असते, तर खेळाडूने शब्द बदलले असते, बदलीच्या माणसाचे सोंग आणले असते, किंवा स्लॉट राखून भिंत चढायचा विचार केला असता. फासा पडल्यावर निवाडा दिला, की त्या फाशालाच अर्थ उरत नाही. डीएमने सेव्हिंग थ्रो दुसऱ्यांदा, या वेळी फाशाशिवाय टाकला असे होते.

२०२४ च्या पुस्तकाने 'वाजवी' ही कसोटी काढून, सूचना साध्य होण्यासारखी वाटावी आणि लक्ष्याला किंवा त्याच्या साथीदारांना उघड इजा करणारी नसावी, अशी अट घातली. सूचनेला पंचवीस शब्दांची मर्यादाही आली. सुधारणा चांगली आहे. पण 'साध्य' आणि 'उघड' हेही शब्दच आहेत, त्यांचाही अर्थ कोणाला तरी लावावाच लागणार. संस्कृत व्याकरणपरंपरेत एक परिभाषा आहे तिचा आशय असा, की संशय उत्पन्न झाला एवढ्याने नियम निरर्थक ठरत नाही. व्याख्येने त्याचा नेमका अर्थ निश्चित करावा. संदिग्धता हा नियमाचा दोष मानून ती मुळासकट उपटण्याच्या मागे लागण्यापेक्षा, व्याख्या केव्हा आणि कोणासमोर करायची याची शिस्त लावणे टेबलाच्या हाती असते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. सगळे आधी सांगायचे तर खेळातले रहस्य जाईल. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. स्पेलचा अर्थ ही एक गोष्ट, आणि जगातली वस्तुस्थिती ही दुसरी. समोरच्या राक्षसाला आगीने इजा होत नाही, हे डीएमने आधी सांगण्याची गरज नाही. ते कॅरेक्टरलाही ठाऊक नसते, आणि ते शोधून काढण्यातच खेळ आहे. फायरबॉलने समोरच्या पुलाचे दोर पेटतील का, हे मात्र सांगायला हवे, कारण आपल्या स्पेलने काय घडते हे वर्षानुवर्षे अभ्यास केलेल्या विझार्डला माहीत असणारच. खेळाडूला जे कॅरेक्टरपेक्षा कमी माहीत आहे, ते भरून काढणे डीएमचे काम आहे. 'विश'सारखा स्पेल याला अपवाद दिसतो, पण तो खरा अपवाद नाही. इच्छा जितकी मोठी तितका घात होण्याचा संभव अधिक, असे त्याचा मजकूरच बजावतो. जो तो टाकतो तो हा धोका जाणूनच टाकतो. भ्रमाच्या स्पेलबाबत, म्हणजे 'मायनर इल्युजन'सारख्यांबाबत, ही रेषा आखणे खरोखर अवघड जाते, कारण तिथे स्पेल काय करतो आणि पाहणारा काय समजतो हे एकमेकांत गुंतलेले असते. तिथेही निदान एवढे आधी सांगता येते की खोटी पेटी पाहून पहारेकरी आपसूक फसेल की त्याला तपासण्याची संधी मिळेल.

हे बंधन एकतर्फी असू नये. खेळाडूनेही आपला बेत आधी उघड केला पाहिजे. मनात एक अर्थ दडवून ठेवायचा, बाकीचे टेबल बेसावध असताना, ऐन लढाईत तो बाहेर काढायचा आणि डीएमने नकार दिला की पुस्तक पुढे करायचे, हा खेळ नव्हे, फसवणूक आहे. २०२४ च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे आणि नियमांचा अर्थ सद्भावनेने लावला पाहिजे, असे स्पष्ट म्हटले आहे. फुप्फुसे म्हणजे उघडे भांडे, हा अर्थ सद्भावनेचा कसोटीदगड आहे. ज्याला तो पटतो, त्याने खेळ सुरू होण्याआधी टेबलासमोर मांडावा. तिथे दुसऱ्याच क्षणी कोणीतरी विचारेल की मग हाच स्पेल शत्रूच्या पुरोहितालाही येतो ना? आपला अर्थ शत्रूच्या हाती गेलेला चालेल का, हा प्रश्न जितके अर्थ निकाली काढतो तितके दुसरा कोणताही युक्तिवाद काढत नाही, आणि तो प्रश्न शांतपणे विचारता येतो तो लढाई सुरू होण्याआधीच.

संगणकावरच्या खेळांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे. २०२३ मध्ये आलेल्या 'बॉल्डर्स गेट ३'मध्ये याच नियमांचे स्पेल आहेत, पण वाद घालायला कोणी नाही. निवाडा प्रोग्राममध्ये आधीच लिहिलेला असतो आणि सर्वांना सारखा लागू होतो. ही खात्री मोलाची आहे. मात्र ज्याचा विचार प्रोग्राम लिहिणाऱ्याने केला नाही, ते तिथे घडूच शकत नाही. टेबलाभोवती बसणारी माणसे नेमकी त्या न योजलेल्या गोष्टीसाठी जमतात. म्हणून संगणकाची पूर्वनिश्चिती जशीच्या तशी उचलणे परवडणारे नाही. तिच्यातला न्यायाचा अंश, म्हणजे कृतीपूर्वी नियम ठाऊक असणे, तेवढा मात्र घेता येतो.

वेग मंदावेल हा आक्षेप मला तितका वजनदार वाटत नाही. "यातून तुला काय साधायचे आहे?" हा एक प्रश्न आणि "माझ्या मते यातून एवढेच होईल, टाकायचा का?" हे एक वाक्य, याला काही क्षण लागतात. वाद पेटला तर तासभर जातो आणि त्यानंतरचा खेळही बिघडतो. दोन अर्थ सारखेच संभाव्य वाटत असतील, तर डीएमने त्यातला कोणताही एक निवडून सांगावा, खेळाडूला निर्णय बदलू द्यावा, आणि सविस्तर चर्चा सत्र संपल्यावर करावी.

राहतो तो चुकलेल्या निवाड्याचा प्रश्न. दिलेला अर्थ पुढे जाऊन खेळ बिघडवतो आहे असे लक्षात आले, तर तो बदलण्याचा अधिकार डीएमला असलाच पाहिजे. पण तो बदल पुढच्या सत्रापासून लागू व्हावा, मागच्या घटनांना नव्हे, आणि त्याची किंमत एकट्या खेळाडूने चुकवू नये. २०१४ च्या नियमांप्रमाणे पाचव्या लेव्हलच्या सॉर्सरर या प्रकारच्या जादूगारणीला जेमतेम सहा स्पेल येतात आणि त्यातला एखादा बदलायचा तर पुढच्या लेव्हलची वाट पाहावी लागते. त्या सहांपैकी एकाचा अर्थ डीएमने आक्रसला, तर तिच्या जादूचा सहावा हिस्सा एका वाक्यात गेला. अशा वेळी, पुस्तकात तशी तरतूद नसली तरी, तिला त्याच दिवशी त्या स्पेलच्या जागी दुसरा निवडू द्यावा. तिने पहिला निवडला तेव्हा त्याचा अर्थ वेगळा होता, आणि तो अर्थ तिला त्याच टेबलाने सांगितला होता.